विचारल्यास सर सांगतील

मागच्या आठवड्यात आमच्याकडं शिकायला आलेल्या एका तरुण डॉक्टरनं मला विचारलं, "सर, प्रीक्लॉटिंग म्हणजे पूर्वी नेमकं काय करायचे?"

त्याच्या पिढीला ते ठाऊक असायचं कारण नाही. पोटातल्या महाधमनीला फुगा आला, तर आता बहुतेकांना जांघेतून तार सरकवून आतल्या आतच नळी बसवतात. पोट उघडायची वेळ आलीच, तर कृत्रिम नळी कंपनीकडूनच लेप देऊन येते. पाकीट फोडायचं आणि शिवायला घ्यायचं. आमच्या वेळी ती नळी, म्हणजे ग्राफ्ट, साधी विणलेली असायची. बनियनच्या कापडासारखी. तशीच बसवली तर तिच्या विणीतून रक्त झिरपणार. म्हणून पेशंटचंच रक्त काढून त्यात ती भिजवायची, मळायची, ताणायची आणि रक्त विणीत गोठू द्यायचं, की ती भरून यायची.

हे सांगता सांगता मी हातवारे करायला लागलो. दोन्ही अंगठ्यांनी नळी दाबायची, बोटांनी थोडी ओढायची, वळवायची, परत दाबायची. आणि माझ्या लक्षात आलं की हे हात माझे नाहीत. हे कांबळे सिस्टरांचे हात आहेत.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं, सर?" त्यानं विचारलं.

"असंच, करता करता येतं," मी म्हणालो.

घरी आल्यावर ते वाक्य मला टोचत राहिलं. आयुष्यात एकदा मी असंच एक सोयीचं वाक्य बोललो होतो. इतक्या वर्षांनी पुन्हा बोललो, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

सुमन कांबळे मूळच्या पेठ वडगावच्या. वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला, आणि घरातल्या पाचही पोरांनी शिकायचंच असा त्यांचा हट्ट होता. सिस्टरांनी मिरजेला नर्सिंग केलं आणि शाहूपुरीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरला लागल्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुंबईहून रक्तवाहिन्यांची सर्जरी शिकून तिथं रुजू झालो, तेव्हा त्यांची तिथं बारा-तेरा वर्षं झालेली होती. उंची बेताची. टेबलापाशी उभं राहायला त्यांना लाकडाचं एक पायठाण लागायचं. ते त्यांनी स्वतः सुताराकडून करून घेतलं होतं आणि दुसऱ्या कुणी त्यावर पाय ठेवलेला त्यांना खपत नसे.

मोठं ऑपरेशन असलं की त्या घरून भाकरी-पिठलं पोटभर खाऊन यायच्या आणि मलाही विचारायच्या, "सर, जेवलाय न्हवं?" नुसता चहा घेतलाय म्हटलं, की मावशींना सांगून माझ्यापुढं बशीत दोन केळी ठेवायच्या. मी ती खाईपर्यंत हात धुवायला जायच्या नाहीत. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'जातो, येतो' म्हणतात, तशाच त्याही बोलायच्या. आमच्या मुंबईकर भूलतज्ज्ञांना त्याची गंमत वाटायची. सिस्टरांना त्यांच्या गमतीचं काही वाटायचं नाही. "मी असा बोलतो, हात बरोबर चालतोय का बघा," एवढंच एकदा म्हणाल्या होत्या.

माझं इथलं पहिलं महाधमनीचं ऑपरेशन त्यांच्यासोबतच झालं. छातीच्या खालपासून ओटीपोटापर्यंत पोट उघडलं, आतडी ओल्या कापडात गुंडाळून उजवीकडं सारली. मागच्या पडद्याखाली अंगठ्याएवढी जाड असायला हवी ती महाधमनी नारळाएवढी फुगलेली, प्रत्येक ठोक्याला उसळत होती. मुंबईत असली पंधरा-वीस ऑपरेशनं पाहिली होती, त्यातल्या काहींत हातही घातला होता. पण तिथं मागं मोठं माणूस उभं असायचं. इथं मीच मोठा. रक्त पातळ ठेवायचं हेपारिन दिलं, आणि मी हात पुढं करून एओर्टाचा क्लॅम्प मागितला. म्हणजे वरचा, मोठा चिमटा.

हातात आला तो लहान चिमटा. मांडीकडं जाणाऱ्या खालच्या शाखांचा.

"हा नाही, मोठा द्या," मी ओरडलो.

सिस्टरांनी तोच चिमटा माझ्या तळहातावर जरा दाबला. "खालचे आधी, सर," त्या हळू म्हणाल्या. फक्त मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

मग मला उमगलं. वरचा आधी लावला की फुग्यातला जुना गाळ हलतो आणि खाली पायात उतरतो. मग ऑपरेशन यशस्वी आणि पाय काळे. हे मला पाठ होतं, पण त्या क्षणी सुचलं नव्हतं. मी खालचे चिमटे आधी लावले. पुढं पुण्याला एका परिषदेत बोलताना मी सांगितलं, "आमच्याकडं मी एक नियम घालून दिलाय, खालचे क्लॅम्प आधी." टाळ्याही पडल्या. सिस्टर तिथं नव्हत्या हे खरं, पण असत्या तरी मी तसंच बोललो असतो.

त्यांच्या आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या वॉर्डात जाऊन पेशंटच्या दोन्ही पावलांवर नाडी शोधायच्या आणि तिथं बॉलपेननं फुली मारायच्या. दुसऱ्या दिवशी चिमटे सोडले की आमचं सगळ्यांचं लक्ष रक्तदाबाच्या आकड्याकडं असायचं, आणि सिस्टर चादरीखाली मावशींना त्या फुलीवर बोट ठेवायला लावायच्या. "पाय गरम हाईत," असं मावशी म्हणाल्या की मगच त्यांचे खांदे खाली यायचे. दुसरी गोष्ट शेवटाची. ग्राफ्ट शिवून झाला की फुग्याची उरलेली साल त्याच्यावर ओढून घेऊन शिवायची असते, नाहीतर आतडं ग्राफ्टला चिकटतं आणि वर्षा-दोन वर्षांनी घात करतं. दमलेला सर्जन हे करायला कंटाळतो. सिस्टर त्याला 'पांघरूण' म्हणायच्या. पांघरूण घातल्याशिवाय त्या पोट मिटायचा दोरा हातात देत नसत. "सुई सापडंना," म्हणायच्या. सुई त्यांच्या समोरच असायची.

आणि ग्राफ्ट भिजवणं. ते काम सर्वस्वी त्यांचं. हेपारिन द्यायच्या आधी मी सिरिंजनं पेशंटचं रक्त काढून द्यायचो. त्या ते स्टीलच्या वाडग्यात ओतायच्या, नळी त्यात घालायच्या आणि मळायला घ्यायच्या. रक्त घट्ट व्हायला लागलं की आतल्या गुठळ्या ओढून काढायच्या, परत नवं रक्त, परत मळणं. तीन वेळा. शेवटी एक टोक दाबून दुसऱ्यातून सलाइन भरून बघायच्या. बाहेर थेंब आला नाही तरच ग्राफ्ट माझ्याकडं यायचा, गर्द लाल आणि चामड्यासारखा चिवट. त्या वेळात त्यांच्याशी कुणी बोललेलं चालायचं नाही. एकदा मी घाई केली तेव्हा म्हणाल्या, "दही लागतं तसं लागतंय हे, सर. हलवून लवकर लागत न्हाई."

पाच-सहा वर्षं असं चाललं. लोक म्हणायला लागले की महाधमनीसाठी आता मुंबईला जायला नको. पेपरात फोटो आला, त्यात मी आणि ट्रस्टचे अध्यक्ष होतो.

मग दस्तगीर मिस्त्री आले.

मिस्त्री शिरोळचे. कारखान्याच्या रस्त्याला त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. साठी उलटलेली, अंगानं काटक. रोग त्यांचा त्यांनीच शोधला होता. "ट्रॅक्टरखाली उताणा पडलो की पोटावर ठेवल्याला पाना हलतोय," त्यांनी मला सांगितलं. "पहिल्यांदा वाटलं इंजिन चालू हाय. मग बघतोय तर इंजिन बंद." त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी रेहाना होती. नवरा वारल्यावर माहेरी येऊन वडिलांच्या गॅरेजात सुट्या भागांचं काउंटर सांभाळायची. ती प्रश्न नेमके विचारायची आणि उत्तरं वहीत लिहून घ्यायची.

आदल्या दिवशी सिस्टर फुल्या मारायला गेल्या तेव्हा मी तिथंच होतो.

"सिस्टर, पायावर नंबर टाकताय व्हय?" मिस्त्रींनी विचारलं.

"पार्ट बदलला की गाडी चालू झाली का बघाय नको?"

मिस्त्री पोट धरून हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "उद्या तुमी असताय न्हवं?"

"असतो की, चाचा."

त्या दिवशी मुंबईचे माझे गुरुजी कोल्हापुरात आले होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते माझं ऑपरेशन बघायला थिएटरमध्ये येणार होते. मी ज्यांच्यामागं चिमटे धरत उभा राहिलो, ते आता माझ्यामागं उभे राहणार. रात्रभर माझ्या डोक्यात तेच होतं. ते आत येतील तेव्हा क्लॅम्प लागलेला असावा आणि मी महाधमनी आणि ग्राफ्ट यांचा वरचा सांधा शिवत असावा, असं मी मनाशी ठरवलं होतं. माझे टाके त्यांनी बघावेत.

पण पोटात जुनं चिकटलेलं बरंच निघालं, त्यात वेळ गेला. मी फुग्याच्या मानेपाशी पोचतोय तोवर बाहेरून निरोप आला की पाहुण्यांची गाडी फाटकात आली.

"हेपारिन द्या," मी भूलतज्ज्ञांना म्हणालो.

"सर, रक्त काढलेलं न्हाई अजून," सिस्टर म्हणाल्या.

मी ते ऐकलं. हे मला नीट लिहायचं आहे, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की गडबडीत ऐकू आलं नसावं. मला ऐकू आलं होतं. भूलतज्ज्ञांनाही आलं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"द्या," मी म्हणालो.

हेपारिन गेलं. मग मी रक्त काढून सिस्टरांना दिलं. त्यांनी वाडग्यात नळी घालून मळायला घेतली. गुरुजी आत आले, माझ्यामागं उभे राहिले. मी क्लॅम्प लावले, खालचे आधी. फुगा उघडला, गाळ काढला, पाठीकडच्या बारीक रक्तवाहिन्यांची रक्त सोडणारी तोंडं शिवली. हात छान चालला होता.

"सर, लागत न्हाई," सिस्टर हळूच म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. वाडग्यातलं रक्त पाण्यासारखं पातळच होतं. हेपारिन दिलेलं रक्त गोठणार कसं?

"सर, थोडं थांबू या. या रक्तावर उतारा घालून बघतो मी."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. दहा-पंधरा मिनिटं थांबलो असतो तर वाडग्यातल्या रक्तातलं हेपारिन मारून काहीतरी करता आलं असतं. पण मला गुरुजींना सांगावं लागलं असतं की का थांबलोय.

"ग्राफ्ट द्या, सिस्टर."

त्या हलल्या नाहीत.

"सिस्टर."

त्यांनी ग्राफ्ट दिला. मी वरचा सांधा शिवला, निळ्या दोऱ्यानं, मागच्या बाजूपासून पुढं, सारख्या अंतरावर. गुरुजी म्हणाले, "सुरेख." मग अध्यक्ष त्यांना जेवायला घेऊन गेले.

खालचा सांधा झाला. आम्ही चिमटे सैल केले आणि ग्राफ्टला घाम फुटला. दुसरा शब्द मला सापडत नाही. टाके शाबूत होते, सांधे कोरडे होते. सगळ्या कापडातूनच बारीक बारीक रक्त येत होतं. आम्ही कापड दाबून धरलं, हेपारिनचा उतारा दिला, रक्त चढवलं. दवाखान्यातल्या दोघा कर्मचाऱ्यांनी रक्त दिलं. परत क्लॅम्प लावावे लागले, वेळ वाढत गेला. संध्याकाळी कसंबसं ते थांबलं आणि आम्ही पोट मिटलं. पांघरूण घालायची सिस्टरांनी आठवण करून दिली नाही. मीच घातलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री गेले. मूत्रपिंडं बंद पडली होती. पावलावरच्या फुल्या तशाच होत्या.

रेहानानं ट्रस्टकडं अर्ज केला. त्यात तिनं लिहिलं होतं की माझे अब्बा स्वतःच्या पायांनी जिना चढून आले होते, त्यांचं काय चुकलं ते मला सांगा. अध्यक्षांनी तिघांची समिती नेमली. सभागृहातल्या लांब टेबलाच्या एका कडेला ते तिघं, दुसऱ्या कडेला मी, आणि भिंतीकडच्या खुर्चीवर सिस्टर.

"ग्राफ्ट तयार करायचं काम कुणाकडं असतं, डॉक्टर?"

"सिस्टरांकडं," मी म्हणालो.

"त्या दिवशी तो नीट तयार झाला नव्हता?"

"नव्हता झाला."

एवढंच. दोन्ही उत्तरं खरी होती. कुणी तपासून पाहिलं असतं तर त्यात खोटा एक शब्द सापडला नसता. टेबलापलीकडच्या तिघांचे चेहरे सैल झाले. मी नुकताच पेपरात आलेला सर्जन होतो आणि उत्तर भिंतीकडच्या खुर्चीवर बसलेलं होतं. सिस्टरांच्या जागी दुसऱ्या आडनावाची बाई असती तर ते एवढ्या लवकर सैल झाले असते का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. नंतर पडला.

"तुम्हाला काही बोलायचंय?" एकानं त्यांना विचारलं.

सिस्टर माझ्याकडं बघत होत्या. ते मला दिसत नव्हतं, कारण मी समोरच्या कागदाकडं बघत होतो. पण कळत होतं. बराच वेळ त्या थांबल्या. मी बोलेन म्हणून थांबल्या असाव्यात.

"मी लेखी देतो," त्या शेवटी म्हणाल्या.

भूलतज्ज्ञांना समितीनं बोलावलंच नाही, आणि तेही आपणहून गेले नाहीत. महिनाभरात आदेश निघाला. कामात निष्काळजीपणा, म्हणून थिएटरमधून बदली. रेहानालाही तेच कळवलं. सिस्टरांना बाह्यरुग्ण विभागातल्या ड्रेसिंगच्या खोलीत पाठवलं. त्यांचं पायठाण काही दिवस थिएटरच्या कोपऱ्यात पडून होतं, मग कुणीतरी नेलं.

ड्रेसिंगची खोली माझ्या ओपीडीच्या वाटेवर होती. रोज सकाळी मी तिथून जायचो, आणि रोज सिस्टर उठून उभ्या राहायच्या. कुणाच्या पायाची जखम पुसत असल्या तरी हातातला चिमटा ट्रेमध्ये ठेवून उभ्या राहायच्या. "नमस्ते, सर." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. काही महिन्यांनी मी मागच्या जिन्यानं जायला लागलो.

थिएटरमध्ये त्यांच्या जागी एक तरुण सिस्टर आली. तिच्या हातचा पहिलाच ग्राफ्ट इतका छान लागला की मी तिला शाबासकी दिली. ती चाचरत म्हणाली, "सर, मी कांबळे सिस्टरांकडं शिकले. जेवणाच्या सुट्टीत." तपशील तिनंच सांगितला. सिस्टर घरून बीट उकडून त्याचं पाणी आणायच्या, जुन्या ग्राफ्टचा तुकडा डब्यात टाकून तिला मळायला लावायच्या. बिटाचं पाणी गोठत नाही, पण बोटांना वळण लागतं. शिकवून झालं की त्या तिला बजावायच्या, "एक ध्यानात ठेव. रक्त हातात आल्याशिवाय हेपारिन देऊ द्यायचं न्हाई. ओरडले तरी न्हाई."

पुढची माझी सगळी ऑपरेशनं त्या डब्यातल्या शिकवणीवर झाली. मी तेव्हाही खाली जाऊन त्यांना काही बोललो नाही.

दोन हजारनंतर काही वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात शाल द्यायला मलाच बोलावलं. मी माइकवर त्यांच्या 'प्रदीर्घ सेवे'बद्दल बोललो. थिएटरचा उल्लेख टाळून दहा मिनिटं बोलणं अवघड होतं, पण जमलं. त्यांनी शाल घेतली आणि माझ्या पाया पडायला वाकल्या नाहीत. इतर सगळे वाकायचे. मला तेवढ्यानंच बरं वाटलं.

त्यानंतर मी दवाखान्याचा वैद्यकीय अधीक्षक झालो. जुनं दप्तर संगणकात घालायचं काम निघालं, म्हणून फायली माझ्या टेबलावर यायच्या. एक दिवस त्यांची फाइल आली. बदलीचा आदेश, समितीचा अहवाल, त्याखाली माझं निवेदन आणि सही. आणि मागं टाचणीनं लावलेला एक रेघी कागद, ठळक, गोल अक्षरातला. टाचणी गंजून कागदात बसली होती. तो कागद कुणी उलटून पाहिल्याची खूण नव्हती. ना शेरा, ना शिक्का. त्यावर लिहिलं होतं:

'त्या दिवशी रक्त काढण्यापूर्वी हेपारिन दिले गेले. त्यामुळे रक्त गोठले नाही व ग्राफ्ट तयार झाला नाही. हे मी त्याच वेळी सांगितले होते. हेपारिन आधी का दिले, हे विचारल्यास सर सांगतील.'

मी ते कितीदा वाचलं सांगता येणार नाही. त्यांनी माझ्याविरुद्ध लिहिलं असतं तर मी चिडू शकलो असतो. त्यांनी माझ्यासाठी जागा सोडली होती. विचारल्यास सर सांगतील. मला कुणी विचारलं नाही, हे खरं. पण मी रोज त्या खोलीवरून जात होतो.

त्याच रविवारी मी पेठ वडगावला गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही; 'नर्सबाईंचं घर' म्हटल्यावर एकानं दारापर्यंत आणून सोडलं. दोन खोल्यांचं नेटकं घर, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, बाहेर शेजारच्या एका म्हातारबुवांच्या पायाचं ड्रेसिंग चाललेलं. सिस्टर वाळल्या होत्या. मला बघून त्या उठायला लागल्या आणि मी म्हणालो, "उठू नका. कृपा करून उठू नका."

ड्रेसिंग संपवून, हात धुऊन त्या आत आल्या. मी खिशातून त्या कागदाची झेरॉक्स काढली.

"हे मी परवा वाचलं," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला. "वाचलं का कुणीतरी एकदाचं," म्हणाल्या.

मग मी सगळं बोललो. ऐकू आलं होतं हेही सांगितलं. चुकलो म्हणालो, क्षमा मागितली. त्या ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी कागदाची घडी घालून मला परत दिली.

"मिस्त्रींची लेक आलती हितं," त्या म्हणाल्या. "मी रिटायर व्हायच्या आधी एक वर्ष. पत्ता काढत आली. रडली. म्हणाली, सिस्टर, लई वर्षं तुमचा राग केला, आता अब्बांच्या नावानं तुम्हाला माफ केलं. मन हलकं कराय आलो म्हणाली."

"तुम्ही काय म्हणालात?"

"च्या केला."

"सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? मी न्हाई, सरांनी केलं म्हणू? बिचारी हलकी व्हाय आलती. परत जड करून धाडू?" त्यांनी चष्मा काढून ठेवला. "माझं काय न्हाई, सर. मला ठावं हाय मी काय केलं, काय न्हाई. तुम्ही तिला सांगा. ते तुमचंच सांगायचं हाय."

"सांगतो," मी म्हणालो.

"आजच जावा. गाडी हाय. हातकणंगल्यावरनं गेला तर दोन तासाच्या आत पोचताय."

मी त्या दिवशी शिरोळला गेलो नाही. गेलो दीड वर्षानं, कांबळे सिस्टर हृदयविकारानं गेल्याचं कळल्यावर.

गॅरेज चालू होतं. रेहानाचे केस पांढरे झाले होते; काउंटरमागं बसून ती बेअरिंगचे खोके मोजत होती. तिनं मला लगेच ओळखलं. मी उभ्याउभ्याच सांगितलं, बसलो असतो तर आणखी लांबलं असतं. तिनं हातातला खोका खाली ठेवला. संपल्यावर विचारलं, "ह्ये सिस्टरांना म्हाईत व्हतं?"

"हो."

"मी माफ कराय गेलतो, तवा बी?"

"हो."

"मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो, साहेब. त्या माझ्या पाठीवरनं हात फिरवत बसल्या." ती काउंटरवरच्या खोक्याकडं बघत राहिली. "त्या हाईत का आता?"

"नाहीत. मागच्या महिन्यात गेल्या."

"मग तुमी आज आला," ती म्हणाली.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुमाला माफ करायचं का न्हाई, ते मी बघीन. आज न्हाई. जावा तुमी." आणि खोके पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. त्यानंतर तिचं काही आलेलं नाही, आणि मी विचारायला गेलेलो नाही.

कांबळे सिस्टर मला आठवतात त्या मात्र वडगावच्या त्या रविवारच्याच. त्या मला गाडीपर्यंत सोडायला आल्या होत्या. पायात स्लिपर, पदर खोचलेला. गल्लीच्या तोंडाशी दोन रस्ते फुटतात. एक हातकणंगल्याकडं, तिथून पुढं शिरोळ, आणि दुसरा हायवेला, कोल्हापूरकडं. मी गाडी सुरू केली, हात हलवला आणि हायवेच्या रस्त्याला वळलो. आरशात पाहिलं तर सिस्टर भर रस्त्यात आल्या होत्या आणि हात लांब करून दुसरा रस्ता दाखवत होत्या. काहीतरी ओरडतही होत्या. सर रस्ता चुकले, असं त्यांना वाटलं असणार.